वरचं तेल

दुकानामागच्या अंगणात, जिथं एरवी धान वाळत पडलेलं असतं, तिथं डिंपलने तीन चेंबर ओळीने मांडले तेव्हा तिची सासू शामकलाबाई दारात येऊन म्हणाली, यात आता काय शिजवणार आहेस. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. इंजिनाच्या पोटाखाली तेल साठवणारं जे भांडं असतं, ज्याला पुस्तकात ऑइल पॅन म्हणतात आणि अर्जुनी मोरगावच्या बाजारात सगळे चेंबर म्हणतात, ते दिसायला लग्नातल्या भाजीच्या पातेल्यासारखंच असतं. शिजणार मात्र वेगळंच होतं, आणि ते गेलं वर्षभर शिजत होतं.

डिंपल गोंदियाची. बापाचं ट्रकच्या पार्टांचं दुकान, त्यामुळे बाहुल्यांच्या वयात ती बेअरिंगशी खेळली. लग्न होऊन आली ती चैतरामजींच्या घरात, म्हणजे धानाच्या बांध्या आणि बाजारात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान असलेल्या घरात. नवरा दुर्गेश हिशोबी, सासरे शब्दाचे पक्के, सासू कामाला वाघ. सगळं ठीक चाललं होतं. पण गावाबाहेरच्या मोठ्या तलावावर हिवाळ्यात माणसं यायला लागली आणि डिंपलच्या डोक्यात बोट शिरली. साधी वल्ह्याची नाही. कुठल्याशा धरणावरचा एक बोट क्लब बंद पडला होता, त्याची वेगाची बोट. आत आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, असं की ट्रॅक्टरच्या इंजिनाने शेजारी उभं राहायलाही लाजावं. तिने घर डोक्यावर घेतलं आणि बोट आणवली.

मागच्या हिवाळ्यात मोठ्या थाटात पूजा झाली, नारळ फुटला, पाहुणे बसले, डिंपलने बोट पळवली आणि तलावाच्या मधोमध, पळसाच्या बेटाजवळच्या वळणावर, इंजिन जाम झालं. बेअरिंग वितळून क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, चिकटले होते. पाहुण्यांना मासेमार ढिवरांच्या डोंग्यांतून काठावर आणावं लागलं. पाहुण्यांत तालुक्याची निम्मी प्रतिष्ठित मंडळी होती, आणि डोंग्यात उकिडवं बसलेल्या माणसाची प्रतिष्ठा किती उरते ते सगळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चैतरामजी बसस्टँडजवळच्या सेवकरामच्या टपरीवर गेले आणि चहा यायच्या आत त्यांनी निकाल सांगून टाकला. गोंदियाच्या पोरीने बोट गरागरा फिरवली, इंजिनाचा दम काढला, बाईमाणसाच्या हातात स्टेअरिंग दिलं ही आपलीच चूक. सेवकरामने ते पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितलं. तिथून ते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सालेकशापर्यंत गेलं म्हणतात. दुकानात पाना घ्यायला आलेला माणूसही डिंपलला विचारायचा, काय वहिनी, आज काय जाम केलं. ती हसायची, बिल फाडायची, आणि मनातल्या मनात त्या माणसाला त्याच पान्याने झोडायची.

कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी तिने त्याच दिवशी सगळ्यांना सांगितली होती आणि कोणी कानावर घेतली नव्हती. तेलाच्या दाबाचा काटा वळणावर पडला नव्हता. तो आधीच, सरळ जाताना, वेग घेताच थरथरायला लागला होता. गरागरा फिरवून इंजिन मेलं असतं तर काटा सरळ रेषेत कशाला कापला असता? याचं उत्तर मात्र तिच्याकडे नव्हतं, आणि उत्तर नसलेल्या माणसाचं कोण ऐकतं.

वर्षभरात नागपूरहून इंजिन नव्याने बांधून आलं. आता फक्त त्याच्या पोटाखाली कोणता चेंबर लावायचा ते ठरायचं होतं. चैतरामजींनी अट घातली होती. यंदा जर जाम झालं तर बोट भंगारात जाईल आणि सून फक्त काउंटरवर बसेल, तलावाचं नाव काढायचं नाही. डिंपलने अट मान्य केली. मान्य करताना तिने खाली पाहिलं नाही, हे शामकलाबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

तर ते तीन चेंबर. पहिला जुनाच, इंजिनासोबत आलेला. उथळ आणि लांब, मूळचा मोटारगाडीचा, कोणीतरी काटकसरीने बोटीला ठोकून दिलेला. दुसरा खोल पोटाचा, एवढा की त्यात शेजारच्या घराचंही तेल मावेल. तिसरा खास बोटीचा. मागच्या बाजूला खोल, दोन्ही बाजूंना फुगलेला, आत आडवे पडदे आणि पडद्यांना एकाच दिशेने उघडणारी छोटी झापं. तेल मागे जाईल पण चटकन पुढे पळणार नाही, वळणावर बाजूलाही जाणार नाही, तेल ओढणाऱ्या जाळीभोवतीच राहील. बोट वेग घेताना नाक वर करते, तशीच कितीतरी वेळ पळत राहते. गाडी असा चढ तासभर चढत नाही. म्हणून गाडीचा चेंबर बोटीला चालत नाही, हे डिंपलला पुस्तकातून आणि नागपूरच्या मिस्त्रीच्या शिव्यांतून कळलं होतं.

पण ऐकीव गोष्टीवर तिचा आता विश्वास उरला नव्हता. तिने प्रत्येक चेंबरखाली पुढच्या बाजूला विटा लावून बोटीइतकाच उतार दिला. चेंबरच्या तोंडावर, जिथपर्यंत क्रँक फिरत खाली येतो त्या उंचीला, आडवी सुतळी ताणून बांधली. तेलाऐवजी पाणी घेतलं. सुतळीला पाणी लागलं तर समजायचं की क्रँक तेलात बुडला. जाळी उघडी पडली तर समजायचं की इंजिन हवा पितंय. सोपी परीक्षा होती. दुर्गेश लिटरचं माप घेऊन पाणी ओतायला बसला, कारण बायकोने बोलावलं होतं आणि दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

पहिल्या चेंबरमध्ये इंजिनाच्या मापाचं पाणी ओतलं. सुतळीच्या जरा खाली राहिलं. डिंपलने चेंबर हिसकला तसं जाळी क्षणभर उघडी पडली. वाईट होता, पण सरळ रेषेत काटा थरथरावा इतका वाईट नव्हता. ती कपाळाला आठ्या घालून बघत राहिली.

दुर्गेश माप हातात घेऊन अडला होता. मग सहज म्हणाला, "आन बाबाचं वरचं तेल? ते त पडनच ना पूजेत."

आता हे वरचं तेल काय ते सांगायला हवं. चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरला की मागची चाकं चिखलात रुततात आणि तोंड आभाळाकडे जातं. तेल मागे सरकतं. चैतरामजींनी पहिला ट्रॅक्टर घेतला तेव्हा त्यांच्या हे ध्यानात आलं आणि त्यांनी तेल मोजायच्या काडीवरच्या खुणेच्या वर एक लिटरची बाटली जादा ओतायला सुरुवात केली. ट्रॅक्टर रांगत चालतो, त्याला जादा तेलाचं काही वाटत नाही. त्यांचा ट्रॅक्टर चिखलात कधी अडला नाही. हळूहळू त्याचा रिवाज झाला. चिखलणीआधी पूजा, कुंकू, नारळ, आणि मग घरातल्या मोठ्याने आपल्या हाताने ओतायचं वरचं तेल. आजूबाजूच्या घरांनीही तो उचलला. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची पूजा असली तरी बाटली ओतायला चैतरामजींनाच बोलावणं यायचं, आणि जाताना ते धुतलेलं धोतर नेसून जायचे. मागच्या वर्षी बोटीच्या पूजेतही त्यांनीच बाटली ओतली होती. कोणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

डिंपलने दुर्गेशच्या हातातलं माप घेतलं आणि आणखी एक लिटर पाणी ओतलं. पाणी चढलं. सुतळी भिजली, मग बुडाली.

हेच मागच्या वर्षी झालं होतं. मिनिटाला हजारो फेरे घेणारा क्रँक त्या तेलात बुडून घुसळत होता. लोणी काढताना रवी ताक घुसळते तसं त्याने तेल घुसळलं, फेस केला, आणि पंपाने तेलाऐवजी तो फेस बेअरिंगला पाजला. सरळ रेषेतच काटा कापायला लागला तो म्हणून. वळणावर उथळ चेंबरने उरलंसुरलं संपवलं. तिला आठवलं, बोट बंद पडल्यावर तिने तेलाची काडी उपसली होती तेव्हा काडीवर बुडबुडे होते. तिला वाटलं होतं आत पाणी गेलं.

"माझ्यासमोर मारलं इंजिन," ती म्हणाली. "मी पूजेचं ताट धरून उभी होते. टाळ्यासुद्धा वाजवल्या."

तिला राग आला आणि तो तिने आवरला नाही. वर्षभर ऐकलेलं एकेक वाक्य तिला आठवत गेलं आणि प्रत्येक वाक्यासरशी ती चेंबरमधलं एकेक माप पाणी अंगणात लवंडत गेली. कोंबड्या पळाल्या.

नवरा म्हणून दुर्गेश वाईट नव्हता. भांडण दिसलं की त्याला दुकानात काम आठवायचं, एवढंच. पण आज तो पळाला नाही, तोडगा काढायला बसला. खोल पोटाचा चेंबर लावू, तो म्हणाला, त्यात बाबांचं वरचं तेल गुपचूप मावून जाईल. डिंपलने ते करून पाहिलं. खोल चेंबर बोटीच्या तळातल्या आडव्या फळीला टेकत होता. इंजिन उचलून बसवावं तर पाण्यातला पंखा फिरवणारा दांडा रेषेतून जात होता, आणि एवढ्या वेगात तिरका दांडा म्हणजे सगळी बोट खिळखिळी. तो चेंबर बाद झाला. तिसराच योग्य होता. त्यात तेल खुणेइतकंच मावत होतं, त्याच्या वर एक पेलाभरही नाही.

मग दुर्गेशने दुसरा तोडगा काढला, आणि खरं सांगायचं तर तो फार हुशारीचा होता. "एक लिटर आपन आधीच कमी टाकू. बाबा वरचं टाकतीन, बरोबर होऊन जाईन. कोनाले काई समजनार नाई."

"तेच तर," डिंपल म्हणाली. "कोणालाच समजणार नाही."

बोट वाचत होती, बाबांचा मान राहत होता, घरात शांतता राहत होती, मग हिला आणखी काय हवं होतं, हे दुर्गेशला खरंच कळेना. तिने समजावलं नाही. एक लिटर कमी टाकून बोट चालली असती तर टपरीवर काय म्हटलं गेलं असतं, ते तिला शब्दन् शब्द पाठ होतं. चैतरामजींच्या हाताला गुण आहे, यंदा सुनेला तंबी दिली म्हणून नीट चालवली. ती जन्मभर बोट चालवत राहिली असती आणि जन्मभर ते पहिलं इंजिन तिच्याच नावावर राहिलं असतं.

तिसरा चेंबर तिने स्वतः बसवला. बोल्ट कसले, तेल खुणेपर्यंत भरलं, आणि हात धुऊन ती सासऱ्यांकडे गेली. चारचौघांत बोलायच्या आधी घरात बोलावं एवढी रीत ती पाळत होती. चैतरामजी जेवत होते. तिने सगळं सांगितलं, सुतळीसकट. अंगणात चला, दाखवते, असंही म्हणाली. त्यांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, माझ्या हाताने आजवर कोणतं इंजिन मेलं ते सांग. एक मेलं, ती म्हणाली. ते ताटावरून उठले. जाताना एवढंच बोलले की पूजेत काय करायचं ते मला कोणी शिकवू नये. शामकलाबाईंनी ताट उचललं आणि सुनेकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

पूजेच्या दिवशी तलावावर मागच्या वर्षीपेक्षा जास्त माणसं आली होती. बोट चाललेली पाहायला नाही, बंद पडलेली पाहायला. सेवकराम टपरी बंद करून आला होता, यावरूनच समजा. आरती झाली, नारळ फुटला. चैतरामजींनी पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि मागच्या वर्षीसारखेच धोतर सावरत बोटीत चढले. दुर्गेशने कुठं बघावं ते न कळून तलावाकडे बघितलं.

डिंपलने तेलाच्या तोंडाचं झाकण काढलं. मग त्या तोंडावर आपला तळहात ठेवला.

"हात काढ," चैतरामजी हळूच म्हणाले.

"नाही काढत, मामाजी."

काठावरचे लोक टाचा उंचावून बघायला लागले. सासऱ्याला चारचौघांत नाही म्हणणारी सून त्या काठाने पाहिली नसेल असं नाही, पण पूजेच्या वेळी, बाटली हातात असताना, नक्कीच नाही. चैतरामजींचा चेहरा लाल झाला. डिंपलचा हात मात्र तिथंच होता.

"तुम्ही बाटली घेऊन बसा बोटीत," ती म्हणाली. "जिथं बंद पडली तिथंच फिरवते. काटा हलला तर बोट भंगारात टाका, मी काउंटरवर बसते. पण तोवर हात काढणार नाही."

त्यांना नाही म्हणता आलं नाही. एवढ्या लोकांसमोर उतरून जाणं म्हणजे घाबरलो असं झालं असतं. ते तिच्या शेजारी बसले, बाटली मांडीवर धरून. तिने झाकण लावलं आणि इंजिन चालू केलं.

बोटीने नाक वर केलं, पाणी मागे फाटत गेलं. डिंपलचं लक्ष वाटेपेक्षा काट्यावर जास्त होतं आणि चैतरामजींचंही. सरळ रेषेत काटा होता तिथं होता. पळसाचं बेट जवळ आलं. तिने वेग कमी केला नाही. मागच्या वर्षीपेक्षाही आवळून वळण घेतलं, एवढं की म्हाताऱ्याने एका हाताने कडा पकडली आणि दुसऱ्याने बाटली. काटा हलला नाही. तिने उलट्या बाजूने वळण घेतलं. तरी नाही.

इथून ती थेट काठावर येऊ शकली असती. हार घालून घेऊ शकली असती. पण तिने बेटाजवळ इंजिन बंद केलं आणि जागेवरून उठली. तेल तळाशी निथळेपर्यंत ती थांबली. मग तेलाच्या तोंडाचं झाकण काढलं आणि बाजूला सरकली.

"आता ओता," ती म्हणाली.

चैतरामजींनी वर पाहिलं.

"ओता, मामाजी. मी परत चालू करते, तेच वळण घेते. काटा नाही थरथरला, तर वर्षभर तुम्ही जे सांगितलं ते खरं. मी स्वतः टपरीवर जाऊन सांगते की इंजिन मी मारलं."

ती गंमत करत नव्हती. ते इंजिन म्हणजे तिच्याजवळचं सगळं होतं आणि तिने ते त्यांच्या हातात दिलं होतं. चैतरामजींनी बाटलीचं बूच फिरवलं. बाटली तोंडापर्यंत नेली. आणि तिथं त्यांचा हात अडला. आयुष्यभर इंजिनांच्या आवाजावर त्यांची रोजीरोटी चालली होती. आता आपण ओतू ते तेल कुठं जाईल आणि काय करेल, हे त्यांना दिसत होतं. कदाचित ताटावरून उठले तेव्हाच दिसलं होतं. बोट पाण्यावर हलत राहिली. काठावरून कोणीतरी शिट्टी वाजवली.

त्यांनी बूच परत लावलं.

"मागच्या साली काडीवर फेस होता," ते म्हणाले. "म्याबी पाह्यलो होतो. मले वाटलं, पानी गेलं असन." मग त्यांनी आवाज खाली केला. तिथं ऐकायला पाणकोंबड्यांशिवाय कोणी नव्हतं, तरी केला. "घरची गोष्ट आहे, पोरी. घरात राहू दे."

डिंपलला त्यांची कीव आली. ती तिने बाजूला ठेवली.

"घरात कधी होती? वर्षभर सेवकरामच्या टपरीवर होती. तिथंच नेऊन सोडा."

"मंग तूच सांग लोकायले."

"मी सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी. माझं कोणी ऐकत नाही. तुमचं ऐकतात."

काठावर हार होते, फोटो होते, ज्यांना बोट बंद पडलेली पाहायची होती त्यांनीच टाळ्या वाजवल्या आणि फेरी मारायला रांग लावली. डिंपल दिवसभर बोट चालवत राहिली. चैतरामजी झाडाखाली पिशवी घेऊन बसले होते. कोणाशी बोलले नाहीत, घरीही गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टपरीवर आले तेव्हा डिंपल बाकावर आधीच येऊन बसली होती. त्या बाकावर बायका बसत नसत. सेवकरामने तिला चहा दिला आणि देताना ग्लास दोनदा पुसला. नेहमीची मंडळी जमली. कोणीतरी विचारलं, काय चैतरामजी, यंदा कशी काय चालली बोट, सुनेचे कान उपटले वाटतं.

चैतरामजी खाकरले. म्हणाले, तसं काही नाही, मागच्या वर्षी इंजिनातच जराशी खराबी होती.

डिंपलने ग्लास बाकावर ठेवला. आवाज फार झाला नाही, पण झाला.

"मामाजी," ती म्हणाली, "पहिल्यापासून सांगा."

त्यांनी पिशवी मांडीवर ओढली. तिने नजर हलवली नाही. सेवकरामची किटली हातातल्या हातात राहिली.

"इंजिन पोरीनं नाई मारलन," चैतरामजी म्हणाले. मोठ्याने, जसं वर्षभर बोलले होते तेवढ्याच मोठ्याने. "मी मारलो. माह्या बाटलीनं मेलं."

"कोनती बाटली?" सेवकरामने विचारलं.

त्यांनी पिशवीत हात घातला आणि तेलाची बाटली काढून बाकावर ठेवली, काठोकाठ भरलेली, तशीच. मंडळी जवळ सरकली.

डिंपलने दुसरा चहा सांगितला. गोष्ट आता लांबणार होती, आणि तिला ती शेवटपर्यंत ऐकायची होती.